दगड पाऱ्यावर तरंगवून मायकेल्सन-मोर्लींनी नेमके काय मोजले?

प्रश्न असा: मायकेल्सन आणि मोर्ली या अमेरिकन शास्त्रज्ञांना १८८७ मध्ये ईथरचा वारा सापडला नाही. ईथर म्हणजे प्रकाशाच्या लहरी ज्यातून जातात असे तेव्हा मानत ते अदृश्य माध्यम, आणि त्यातून पृथ्वी जाताना जाणवायला हवा तो त्याचा वारा. पण दिसले नाही याचा अर्थ नाहीच, असा कसा घ्यायचा? उपकरणच कमी पडले नसेल कशावरून? आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग पुन्हा करता येईल का?

दुसऱ्या भागाचे उत्तर शेवटी देतो. पहिल्या भागाचे उत्तर आकड्यांत आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते आणि प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. गुणोत्तर दहा हजारांत एक. हे वाचून वाटते की एवढा फरक सहज मोजता यावा. अडचण अशी की पृथ्वीवर प्रकाशाचा वेग मोजताना तो पाठवून परत आणावा लागतो. जाताना वाऱ्याविरुद्ध जो उशीर होतो तो येताना जवळजवळ भरून निघतो. जो उरतो तो गुणोत्तराच्या वर्गाइतका, म्हणजे दहा कोटींत एक. वाऱ्याला आडव्या जाऊन परतणाऱ्या प्रकाशालाही उशीर होतो, पण याच्या निम्मा. मोजायचे आहे ते या दोन उशिरांमधले अंतर.

वर्ग न करता, थेट दहा हजारांत एक या पातळीवर ईथर पकडायचे प्रयत्न आधी झाले होते. आरागोने १८१० मध्ये दुर्बिणीपुढे प्रिझम ठेवून पाहिले. पृथ्वी ज्या ताऱ्याकडे चालली आहे आणि ज्याच्यापासून दूर चालली आहे, त्यांचा प्रकाश काचेत वेगवेगळा वळायला हवा होता. तसा तो वळला नाही. फ्रेनेलने १८१८ मध्ये यावर तोड काढली: पारदर्शक पदार्थ हलताना आतल्या ईथरला अर्धवट ओढून नेतो, आणि ओढण्याचे प्रमाण १ वजा (१ भागिले अपवर्तनांकाचा वर्ग). अपवर्तनांक म्हणजे त्या पदार्थात प्रकाश कितीपट हळू जातो तो आकडा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणून हे प्रमाण सुमारे ०.४४. या सूत्राची गंमत अशी की ते मान्य केले की पहिल्या पातळीचा प्रत्येक परिणाम आपोआप पुसला जातो. ग्रिनिचला एअरीने १८७१ मध्ये दुर्बिणीत पाणी भरून ताऱ्याचे अपेरण, म्हणजे पृथ्वीच्या गतीमुळे ताऱ्याची जागा किती सरकलेली दिसते ते, मोजले, तेव्हा हेच घडले. ईथर अजिबात ओढला जात नसेल, तर २०.५ विकलांचे (विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग) अपेरण पाण्यामुळे २७ च्या आसपास जायला हवे होते. ते जागचे हलले नाही.

वाहते पाणी ईथरला किती ओढते ते मोजणारा फिझोचा १८५१ चा प्रयोग जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण पुढचे सगळे शहाणपण त्यात बीजरूपाने आहे. शेजारी शेजारी दोन नळ्या, प्रत्येकी साधारण दीड मीटर लांब आणि ५.३ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या. त्यांतून परस्परविरुद्ध दिशांना सेकंदाला ७ मीटर वेगाने पाणी. प्रकाशाच्या दोन शलाका त्याच दोन नळ्यांतून जातात, एक सतत प्रवाहाबरोबर आणि दुसरी सतत प्रवाहाविरुद्ध. दोघींचा मार्ग एकच असल्यामुळे पाण्याचे तापमान वा दाब बदलला तर त्याचा परिणाम दोघींवर सारखा होतो आणि वजाबाकीत जातो. उरतो फक्त प्रवाहाचा परिणाम. दोन्ही शलाका शेवटी एकत्र आल्या की उजळ-काळे पट्टे दिसतात, आणि एक शलाका दुसरीच्या मागे पडली की ते सरकतात. पाण्याने ईथर पूर्ण ओढला असता तर पट्टे ०.४६ पट्टारुंदीने सरकले असते आणि फ्रेनेलप्रमाणे ०.२० ने. फिझोला ०.२३ मिळाले. यातला कच्चा दुवा प्रकाशाचा नसून नळाचा आहे: नळीत पाणी मध्यभागी जोरात आणि कडेला हळू वाहते, आणि शलाका मध्यातून जाते. म्हणून एकूण किती पाणी वाहिले यावरून काढलेला सरासरी वेग थेट वापरला तर ओढण्याचे प्रमाण चुकते. मायकेल्सन आणि मोर्ली यांनी १८८६ मध्ये हाच प्रयोग जास्त रुंद नळ्या घेऊन केला आणि नळीच्या छेदात वेग कसा बदलतो तेही मोजले. त्यांना ओढण्याचे प्रमाण मिळाले ०.४३४, कमीजास्त ०.०२. दोघांची जोडी जमली ती या कामात.

आता दुसरी पातळी, म्हणजे गुणोत्तराच्या वर्गाची. मॅक्सवेलने १८७९ मध्ये वॉशिंग्टनच्या नॉटिकल अल्मनॅक कार्यालयातील टॉड यांना पत्र लिहिले. पृथ्वीवरच्या प्रयोगात परिणाम दहा कोटींत एक इतका असणार आणि तो मोजण्यापलीकडचा आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्याच वर्षी तो वारला आणि पत्र १८८० मध्ये छापले गेले. अमेरिकन नौदलातला तरुण मायकेल्सन तेव्हा त्याच कार्यालयाशी संबंधित होता. त्याने विचार केला की वेळ मोजायचीच कशाला? दोन शलाका एकमेकींशी ताडून पाहिल्या की तरंगलांबी हीच मोजपट्टी होते.

पहिले उपकरण बर्लिनच्या श्मिट आणि हेन्श या कारागीर-कंपनीने बनवले. पैसे टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने दिले. त्यात एक तिरकी काच प्रकाश दुभागून काटकोनातल्या दोन भुजांत पाठवते, टोकाच्या आरशांवरून दोन्ही शलाका परतून एकत्र येतात आणि पट्टे दिसतात. उपकरण ९० अंश फिरवले की भुजांची अदलाबदल होते, आणि वारा असेल तर पट्टे सरकायला हवेत. भुजा १.२ मीटरच्या. बर्लिनच्या रहदारीच्या थरथरीने पट्टे टिकेनात, म्हणून उपकरण पॉट्सडॅमच्या वेधशाळेत हलवले. तिथेही शंभर मीटरवर कोणी पाय आपटला की पट्टे नाहीसे होत. शिवाय उपकरण फिरवताना ते किंचित पिळवटे आणि पट्टे त्यामुळेच सरकत. वर हिशेबात चूक: आडव्या भुजेलाही उशीर होतो हे मायकेल्सनने धरलेच नव्हते. ती पॅरिसच्या पोतिएने दाखवून दिली आणि पुढे लॉरेंट्झने हिशेब नीट मांडला. अपेक्षा ०.०८ पट्ट्यावरून ०.०४ वर आली, आणि मोजमापातली अनिश्चितता जवळपास तेवढीच होती. म्हणजे १८८१ चा निकाल 'शून्य' म्हणण्याच्या लायकीचा नव्हता. उपकरण कमी पडल्याची तुमची शंका त्या वर्षापुरती अगदी रास्त आहे.

१८८७ मध्ये काय बदलले, ते पाहा.

अमेरिकेत क्लीव्हलंडला, मायकेल्सन शिकवत होता त्या केस स्कूलची इमारत १८८६ च्या शरद ऋतूत आगीत सापडल्यावर काम शेजारच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या एका तळघरात हलले. मोर्ली तिथे रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. सुमारे दीड मीटर चौरस आणि ३० सेंटिमीटर जाड वालुकाश्माची शिळा घेतली. वजन काढले तर दीड टनाच्या आसपास भरते. ती लाकडाच्या कड्यासारख्या तरंगत्या बैठकीवर बसवली: बाहेरचा व्यास १.५ मीटर, आतला ०.७ मीटर, जाडी २५ सेंटिमीटर. ही बैठक ओतीव लोखंडाच्या, कड्याच्याच आकाराच्या हौदात पाऱ्यावर तरंगत होती. हौद आणि बैठक यांच्यात फट जेमतेम एक सेंटिमीटर. फट मुद्दाम अरुंद ठेवलेली, कारण तरंगण्यासाठी पाऱ्याची उंची लागते, साठा लागत नाही. बैठक साधारण दहा सेंटिमीटर बुडते, आणि ढोबळ हिशेबाने अडीचशे ते तीनशे किलो पाऱ्यात दीड टनाची शिळा उचलली जाते. मोठ्या हौदात हेच करायला गेलात तर टनावारी पारा लागेल.

पाऱ्याचा फायदा फक्त हादरे कमी होण्यापुरता नाही. धातूच्या खुंटावर शिळा फिरवली की खुंट थोडा तरी वाकडा असतो, भार एका बाजूला जातो आणि दगड वाकतो. तरंगणाऱ्या वस्तूवर आधाराचा दाब सगळीकडे सारखा राहतो, कितीही फिरवा. पॉट्सडॅमचा मुख्य दोष इथे गेला.

दुसरा बदल लांबीचा. शिळेच्या चारही कोपऱ्यांत प्रत्येकी चार आरसे, आरशांसाठी वापरत त्या मिश्रधातूचे, ५ सेंटिमीटर व्यासाचे. शलाका कर्णावर मागेपुढे उसळत जाई आणि भुजेची परिणामी लांबी ११ मीटर होई. शिळा ९० अंश फिरवल्यावर पट्टे किती सरकतील? दोनदा ११ मीटर, भागिले दहा कोटी, म्हणजे ०.२२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पिवळ्या-हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन, म्हणून ०.४ पट्टा. पॉट्सडॅमच्या दहापट.

जुळणी कशी करायची हे पुस्तकांत क्वचित सापडते. दोन्ही भुजा आधी पट्टीने मोजून मिलिमीटरच्या अंशापर्यंत सारख्या करायच्या. मग सोडियमचा दिवा. सोडियमच्या प्रकाशात पट्टे लवकर सापडतात, कारण भुजांत थोडा फरक असला तरी ते दिसतात. पण नेमक्या त्यामुळेच समान लांबीची जागा कळत नाही. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात अगदी जवळच्या दोन तरंगलांब्या असतात, त्यामुळे आरसा सरकवत गेले की पट्टे दर ०.२९ मिलिमीटरला पुसट होतात आणि पुन्हा ठळक होतात. ठळकपणाची जागा धरून मग पांढरा प्रकाश लावायचा आणि स्क्रू अगदी हळू फिरवायचा. पांढऱ्या प्रकाशात मोजके पट्टेच दिसतात आणि मधला तेवढा बिनरंगी असतो. इंचाला १०० आटे असलेला स्क्रू शंभरांश फेरा फिरवला तरी सुमारे ९ पट्टे निघून जातात, म्हणून घाई केली की तो पट्टा डोळ्यासमोरून जातो आणि कळतही नाही. दुसरी अट: एका शलाकेच्या मार्गात तिरकी काच तीनदा येते आणि दुसरीच्या मार्गात एकदाच. दुसरीकडे तेवढ्याच जाडीची भरपाईची काच त्याच कोनात नसेल, तर पांढऱ्या प्रकाशात पट्टे मिळतच नाहीत. या काचा आणि आरसे पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅशिअरच्या हातचे होते.

पांढऱ्या प्रकाशाचा हट्ट कशासाठी? एकरंगी प्रकाशात सगळे पट्टे सारखे दिसतात. झटका बसून पट्टे पूर्ण एका घराने सरकले तर ते कळणार नाही. बिनरंगी पट्टा ओळखता येतो, हरवत नाही.

वाचन शिळा फिरत असतानाच घेतले. सहा मिनिटांत एक फेरा, घेरावर सोळा खुणा. निरीक्षक दुर्बिणीच्या भिंगाला डोळा लावून शिळेभोवती चालत जाई आणि प्रत्येक खुणेला मायक्रोमीटरची तार मधल्या पट्ट्यावर आणून आकडा वाची. थांबवून वाचणे जास्त अचूक वाटेल, पण ते चुकीचे. दर वेळी थांबवायला आणि सुरू करायला हात लावावा लागतो, त्याचा ताण दगडात जातो, आणि तो ताण सिग्नलपेक्षा मोठा असतो. वरून लाकडी झाकण होते, हवेचे झोत आणि तापमानाचे चढउतार अडवायला.

तुमच्या शंकेचा गाभा आहे तापमानात. दगड अंशाला साधारण लाखात एक इतका प्रसरण पावतो. दोन कर्णांच्या तापमानात एका अंशाच्या हजाराव्या भागाचा फरक पडला तर मार्गात किती फरक पडेल? २२ मीटरचा लाखावा भाग, त्याचा हजारावा भाग: ०.२२ मायक्रॉन. म्हणजे ईथरकडून जेवढे अपेक्षित होते तेवढेच! हवेचे म्हणाल, तर एका भुजेतली हवा शंभरांश अंशाने जास्त गरम झाली तरी तेवढाच सरक मिळतो. तळघरात, लाकडी झाकणाखाली, १८८७ मध्ये हजारांश अंशाची खात्री कोण देणार?

कोणीच नाही, आणि तशी गरजही नव्हती. ईथरचा परिणाम अर्ध्या फेऱ्याला एकदा पुन्हा येतो: भुजा वाऱ्याच्या दिशेला असो वा नेमकी उलट, उशीर सारखाच. दगड हळूहळू तापत असेल तर पट्टे एकाच दिशेने सरकत राहतात. फेरा पूर्ण झाल्यावर पहिल्या खुणेचे दुसरे वाचन पहिल्याशी ताडले की तो घसरता भाग कळतो, आणि तो सोळा वाचनांत सरळ रेषेने वाटून वजा करता येतो. शिळा किंचित कलती असेल, तर तो परिणाम पूर्ण फेऱ्याला एकदा येतो. खूण १ आणि ९, २ आणि १०, अशा समोरासमोरच्या जोड्यांची सरासरी घेतली की तोही जातो. मायकेल्सन-मोर्लींनी दुपारच्या तीन आणि संध्याकाळच्या तीन बैठकांत प्रत्येकी सहा फेरे घेतले, ८ ते १२ जुलैदरम्यान. दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा यांत पृथ्वी पाव फेरा वळते, म्हणून खरा परिणाम असेल तर वक्र खोलीच्या संदर्भात जागा बदलणार. खोलीतल्या एखाद्या गरम भिंतीचा परिणाम मात्र तिथेच राहणार.

निकाल: अपेक्षित ०.४ पट्ट्याच्या विसाव्या भागापेक्षा नक्की कमी, बहुधा चाळिसाव्या भागापेक्षा कमी. म्हणजे ०.०२ च्या आत, बहुधा ०.०१ च्या आत. आलेखात त्यांना सैद्धांतिक वक्र एक-अष्टमांश करून काढावा लागला, तरी मोजलेली रेषा त्यापुढे सपाटच दिसते. परिणाम वेगाच्या वर्गाने बदलतो हे मात्र ध्यानात ठेवा. सरक चाळीसपट कमी म्हणजे वेग चाळीसपट कमी नव्हे, सहापट कमी. म्हणून त्यांचा दावा एवढाच होता की सापेक्ष वेग पृथ्वीच्या कक्षीय वेगाच्या बहुधा एक-षष्ठांशाहून कमी आणि नक्कीच एक-चतुर्थांशाहून कमी आहे. 'शून्य' हा शब्द पाठ्यपुस्तकांनी नंतर चिकटवला.

एक पळवाट राहिली होती. अख्खी सूर्यमालाच कुठेतरी चालली असेल आणि जुलैमध्ये तो वेग पृथ्वीच्या वेगाला नेमका काटत असेल तर? म्हणून दर तीन महिन्यांनी प्रयोग करू असे त्यांनी लिहून ठेवले. केला मात्र नाही. मायकेल्सनला हे अपयश वाटत होते आणि त्याचे लक्ष तरंगलांबीवरून मीटर मोजण्याकडे वळले. पळवाट इतरांनी बुजवली.

बुजवताना जो घोळ झाला तो शिकण्यासारखा आहे. डेटन मिलरने १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर ३२ मीटर भुजेच्या उपकरणाने हजारो फेरे घेतले. अपेक्षा १.१ पट्ट्यांची होती. त्याला ०.०८ च्या आसपास सरक मिळत राहिला आणि त्यावरून त्याने सेकंदाला १० किलोमीटर वेगाचा वारा काढला. चूक कुठे? कर्णाच्या दोन्ही टोकांना आरसे असतात. खोलीची एक भिंत जरा गरम असली तर भुजेचे कुठलेही टोक तिच्याकडे आले की ती भुजा तापते, म्हणजे हा परिणामही अर्ध्या फेऱ्याचाच! १ आणि ९ ची सरासरी त्याला हात लावू शकत नाही. शँकलंड आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये मिलरची जुनी वाचने तपासली तेव्हा उरलेला सरक तापमानाच्या अशाच परिणामांशी जोडता आला. योस याने १९३० मध्ये जर्मनीतल्या येनाला २१ मीटरची भुजा क्वार्ट्झच्या चौकटीवर, हवाबंद पेटीत आणि छायाचित्रित नोंदीने चालवली. क्वार्ट्झचे प्रसरण दगडाच्या वीस भागांतला एखादा. अपेक्षा ०.७५ पट्ट्याची, मिळाले ०.००२ च्या आत. हवेचे आणि प्रसरणाचे परिणाम आवरले की मिलरचा वाराही गेला. माझ्या मते शंकेखोराने दाखवायचा प्रयोग हा आहे, १८८७ चा नाही.

भुजा वाऱ्याच्या दिशेने आखडत असेल आणि त्यामुळेच परिणाम लपत असेल, हे फिट्झजेराल्डचे १८८९ चे आणि लॉरेंट्झचे १८९२ चे सुचवणे सारख्या भुजांच्या प्रयोगाने खोडता येत नाही. त्यासाठी भुजा मुद्दाम असमान ठेवाव्या लागतात. केनेडी आणि थॉर्नडाइक यांनी १९३२ मध्ये तेच केले, उपकरण न फिरवता महिनोन्महिने पट्टे पाहत.

आता कॉलेजची प्रयोगशाळा. टेबलावरच्या मायकेल्सन उपकरणाची भुजा २० सेंटिमीटर धरा, हेलियम-निऑन लेसर ०.६३३ मायक्रॉनचा. अपेक्षित सरक ०.००६ पट्टा, म्हणजे एकशे साठ भागांत एक. खालची पाटी ॲल्युमिनियमची असेल आणि भुजांत शंभरांश अंशाचा फरक पडला तर सरक ०.१५ पट्टा, सिग्नलच्या वीसपटीहून जास्त. शिवाय भुजांत पाच सेंटिमीटरचा फरक असेल आणि लेसर तापताना त्याची वारंवारता एक गिगाहर्ट्झने सरकली, तर ०.३ पट्टा वाढतो. उपकरण उभ्या पातळीत फिरवून भराभर सरकणारे पट्टे दाखवणारे व्हिडिओ फिरत असतात. ते पाटी स्वतःच्या वजनाने वाकते त्याचे मोजमाप आहे, ईथरचे नव्हे. तेव्हा फिरवून ईथर शोधू नका, आणि पारा तर मुळीच आणू नका. उघड्या पाऱ्याची वाफ विषारी असते.

करण्यासारखे हे: सोडियमच्या दिव्यावर पट्टे पुसट होण्याच्या लागोपाठच्या दहा जागा वाचा, अंतर ०.२९ मिलिमीटर येते का पाहा. मग पांढरा प्रकाश शोधा. एकदा तो सापडला की भुजा काही मायक्रॉनपर्यंत सारख्या झाल्या असे समजा. त्यानंतर एका भुजेत ५ सेंटिमीटरची काचेची कुपी ठेवून हवा काढा, लेसरवर सुमारे ४३ पट्टे मोजता येतील. शेवटी भुजेखाली दहा सेकंद तळहात धरा, झाकण ठेवून आणि न ठेवता, आणि पट्टे किती हलले ते ०.००६ शेजारी वहीत लिहा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडियाच्या चार किलोमीटरच्या भुजाही मूळ याच मांडणीच्या आहेत, आणि त्या निर्वात नळ्यांत का ठेवायच्या याचे निम्मे उत्तर त्या दोन आकड्यांत मिळते.